निकानोरचा पांढरा

एर्मेलिंदाचा घरच्या माणसांवर विश्वास नव्हता, असं म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल. तिचा कोणावरच नव्हता. मंगळवारच्या बाजारात टोमॅटो घेताना ती वरचे बाजूला सारून खालचे उचलायची, आणि खालचेही चांगले निघाले की तिला घोर लागायचा, मग या बाईने लबाडी केली तरी कुठे? पाद्रीबाबांनी रविवारची मिस्सा लवकर आटोपली की तिला वाटायचं, कुठेतरी जेवणाचं आमंत्रण असणार. बहुतेक वेळा असायचंही. त्यामुळे तिची ही खोड मोडायचं ला लोमा गावात कोणी मनावर घेतलं नव्हतं.

अपवाद एकच, तिचा नवरा निकानोर. अडतीस वर्षांच्या संसारात तिने त्याचे खिसे एकदाही चाचपले नाहीत. तो गावात चुना लावणारा. रोज कुठल्या ना कुठल्या घरात, कुठल्या ना कुठल्या बाईच्या खोलीत हा ब्रश घेऊन उभा; पण एर्मेलिंदाच्या मनात कधी पाल चुकचुकली नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. माणसाला पाठ टेकायला एक तरी भिंत लागते, आणि तिची ती होती.

मागच्या मार्चमध्ये निकानोर गेला. आता वर्ष भरत आलं होतं आणि शनिवारी वर्षाचा क्रूस होता. बैठकीत जमिनीवर चुन्याचा क्रूस काढायचा, सगळ्या गावाने बसून जपमाळ म्हणायची, मग क्रूस उचलायचा आणि तो चुना नेऊन कबरीवर ठेवायचा. तेव्हा कुठे गेलेला माणूस खरा मोकळा होतो. तोपर्यंत तो घरातच घुटमळत असतो, हे ला लोमात शेंबड्या पोरालाही माहीत. आणि त्या दिवशी सगळं गाव घरात येणार म्हटल्यावर बैठकीला नवा रंग हवाच. मागच्या वर्षीच्या नऊ दिवसांच्या मेणबत्त्यांनी घरच्या वेदीमागची भिंत काजळून काळी झाली होती.

घोडं अडलं होतं ते रंगापाशी.

गावात पांढरा म्हणजे निळसर पांढरा. चुन्यात नीळ टाकायची, झालं. पण निकानोरने स्वतःच्या बैठकीला लावलेला पांढरा तसा नव्हता. तो ऊबदार होता. दूध तापून त्यावर साय धरायला लागते ना, तसा. उन्हातून माणूस आत आला की डोळे आपोआप सैल पडायचे. निकानोर त्यात काय घालत होता ते त्याने कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. विचारलं की म्हणायचा, "चुना, मीठ आणि निवडुंगाचा चीक. सगळे घालतात तेच."

मुलगी सेनाइदा आठ दिवस आधीच पुएब्ला शहरातून आली होती, आणि येताना रंगाच्या दुकानातून पत्त्यांच्या कॅटसारखं एक पुस्तक घेऊन आली होती. त्यात सतरा प्रकारचे पांढरे होते.

"हा बघ, आई. याचं नाव ‘बदाम’."

"बदाम मी खाल्लाय. असा नसतो."

"मग हा ‘मोती’?"

"मोती कोणी पाहिलाय आपल्यात?"

"‘हाड’ म्हणून एक आहे, तो तर अगदी बाबांच्या..."

"बापाच्या क्रूसाला भिंतीला हाड लावतेस?" एर्मेलिंदाने ते पुस्तक मिटून टाकलं. "आणि फोटो कशाला काढत होतीस मघाशी भिंतींचे?"

"दुकानात दाखवायला. रंग जुळवायला."

"आणि गिऱ्हाइकाला दाखवायला."

"कुठलं गिऱ्हाईक?"

"ते तुला माहीत. घर विकायचं झालं की लोक आधी असाच रंग काढतात. मला काय कळत नाही?"

सेनाइदाने कपाळावर हात मारून घेतला. अशा आईच्या पोटी जन्मलेली मुलगी. तिला हे नवीन नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं, की क्रेसेन्सियोने निकानोरचा पांढरा बनवून पाहायचा. क्रेसेन्सियो हा निकानोरचा जोडीदार, बावीस वर्षं त्याची शिडी धरलेला. सेनाइदाच्या बाप्तिस्म्याला तोच धर्मपिता होता, म्हणून एर्मेलिंदाला तो ‘कोमाद्रे’ आणि ती त्याला ‘कोम्पाद्रे’ म्हणायची. एकमेकांच्या नावाने हाक मारणं दोघांनाही आता जमलं नसतं.

क्रेसेन्सियोने वेदीमागच्या भिंतीवर हाताएवढे पट्टे ओढायला सुरुवात केली. पिवळी माती घालून पाहिली, तर भिंतीला कावीळ झाल्यासारखी दिसली. विटेची पूड घातली, तर पट्टा बाहुलीच्या गालासारखा निघाला. तिसऱ्यात पिवळी माती कमी घातली, तो ओला असताना सगळ्यांनी वाहवा केली आणि सुकल्यावर तो पुन्हा मेला पांढराफटक. चुन्याचं असंच असतं. ओला असताना तो खोटं बोलतो, आणि खरं काय ते ऐकायला थांबावं लागतं.

पाचवा पट्टा सुकून फिका पडला तेव्हा एर्मेलिंदा खुर्ची ओढून त्याच्या शिडीसमोर बसली.

"कोम्पाद्रे, तुम्हाला येतो हा रंग."

"देवाशप्पथ नाही येत, कोमाद्रे."

"बावीस वर्षं शेजारी उभे होतात. डोळे मिटून?"

"कालवायची वेळ आली की मला वाळू आणायला पाठवायचा."

"चुना लावायला वाळू कशाला लागते?"

"हेच मला सहा वर्षांनी सुचलं," क्रेसेन्सियो म्हणाला. "तोवर मी इमानदारीत आणत होतो. परसात तो ढीग आहे ना, ज्यावर तुमची मांजर झोपते, तो माझा."

सेनाइदा फिसकन हसली. एर्मेलिंदा हसली नाही. माणूस विनोद करायला लागला की त्याला काहीतरी लपवायचं असतं, असं तिचं ठाम मत होतं.

क्रेसेन्सियोने ब्रश झटकला, भिंतीकडे पाहिलं आणि सहज बोलून गेला. "आता एकच उपाय. ओतिलियाकडे जाऊन नीट निरखून येतो. तुमच्या भिंतीवर काजळी बसलीय, रंग कळत नाही. तिच्या आतल्या खोलीत हाच पांढरा अजून स्वच्छ आहे."

आपल्या तोंडून काय गेलं ते क्रेसेन्सियोला एर्मेलिंदाचा चेहरा बघून कळलं, पण तोवर उशीर झाला होता.

"कुठल्या आतल्या खोलीत?"

"निजायच्या."

"कधी लावला?"

"झाली असतील चार-पाच वर्षं. मी नव्हतो बरोबर. एकटाच गेला होता, तीन दिवस. मला तरी कुठे माहीत होतं? मागे तिची कौलं बदलायला चढलो तेव्हा वरून दिसलं."

"आणि गावात आणखी कोणाकडे आहे हा रंग?"

क्रेसेन्सियो ब्रश पुसायला लागला. उत्तराची गरजही नव्हती, कारण ते एर्मेलिंदाला पाठ होतं. कोणाकडेच नाही. सगळ्या गावाने मागितला होता. पाद्रीबाबांनी देवळासाठी मागितला, तर निकानोरने टोपी काढून हातात धरली आणि त्यांनाही नाही म्हणाला. "तो घरचा आहे, पाद्रे," असं म्हणाला होता. ते ऐकून एर्मेलिंदाची छाती तेव्हा वीतभर फुगली होती.

ओतिलिया ही गावातली जपमाळ सांगणारी. पन्नाशीची, लग्न न केलेली, आवाज असा की मेलेल्यालाही ऐकत बसावंसं वाटावं. कोणाच्याही घरी माणूस गेलं की नऊ दिवस प्रार्थना तीच सांगायची. निकानोरच्या वेळीही तिनेच सांगितली, आणि सातव्या दिवशी मध्येच तिला रडू फुटलं, माळ हातातून सुटली. एर्मेलिंदाला तेव्हा गहिवरून आलं होतं. आता आठवलं तेव्हा वेगळंच वाटलं. शेकडो लोकांना पोचवलेली बाई, एकाच माणसाला रडते म्हणजे काय? कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एर्मेलिंदाने निकानोरची तसबीर भिंतीवरून उतरवली. तसबिरीमागे चौकोनी तुकडाभर भिंत काजळीपासून वाचली होती, जशीच्या तशी, सायीच्या रंगाची. त्याच्या कडेला सुरीचं टोक घालून तिने नखाएवढी कपची काढली, रुमालात बांधली आणि ओतिलियाकडे निघाली. निमित्त होतं मेणबत्त्या किती आणायच्या ते विचारायचं.

पाणी मागितलं तर लगेच येतं, म्हणून तिने कॉफी मागितली.

ओतिलिया चुलीपाशी गेली तशी ही आतल्या खोलीत शिरली. पलंग, खुंटीला टांगलेली काळी शाल, भिंतीवर लाकडाचा क्रूस. खिडकीतून ऊन येत होतं आणि खोली सगळी ऊबदार दिसत होती. एर्मेलिंदाने रुमाल पलंगावर सोडला आणि कपची भिंतीला लावली. कडा दिसेना. बोट फिरवून शोधावी लागली, इतकी ती त्या भिंतीत मिसळून गेली. तिने दुसरीकडे लावून पाहिली, मग खाली, मग क्रूसाच्या शेजारी. तेच. चुलीवरून भांडं उतरवल्याचा आवाज आला तशी ती कपची रुमालात टाकून बाहेर येऊन बसली.

कॉफी गोड होती. ही बाई माझ्या कॉफीत एवढी साखर का घालते, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"शनिवारी मी सकाळीच येईन, डोन्या," ओतिलिया मानाची हाक मारत म्हणाली. "निकानोरसाठी मी..." आणि थांबली.

"मी काय?"

"काही नाही. फार चांगला माणूस."

"ते तू मला सांगणार?" एर्मेलिंदा कप अर्धा टाकून उठली.

घरी आल्यावर तिने तसबीर उचलली आणि मक्याच्या कणगीवर उपडी ठेवली. एवढी संतापली होती की रडूही येईना. खरं तर संतापापेक्षा तिला भीती जास्त वाटत होती. एक माणूस धरून ठेवला होता, तोही असा निघाला तर मग अडतीस वर्षं आपण कोणाबरोबर राहिलो?

"लाव तो तुझा बदाम," तिने सेनाइदाला सांगितलं.

"काल तर नको म्हणत होतीस."

"आज हो म्हणते. आणि ओतिलिया या घरात पाऊल टाकणार नाही."

"आई, मग जपमाळ कोण सांगणार? त्याशिवाय क्रूस उचलता येत नाही!"

"मग नका उचलू. राहू दे त्याला इथेच घुटमळत. कुठे कुठे घुटमळत होता ते मला तरी कुठे माहीत होतं!"

सेनाइदाने खोदून खोदून विचारलं, पण एर्मेलिंदाने ताकास तूर लागू दिली नाही. आता संशय घ्यायची पाळी मुलीवर आली. तिने जाऊन क्रेसेन्सियोला विचारलं, त्याने शिडीवरचा एक खिळा फार लक्ष देऊन ठोकला.

पण गाव जेवायला येणारच होतं. नवरा कसाही निघाला तरी पाहुणे उपाशी जाऊ देणं तिच्या रक्तात नव्हतं. तमालना, त्या वाफवलेल्या उंड्यांना, पीठ लागणार, पिठाला मका. नवरा गेल्यापासून तिने मका शिजवलाच नव्हता. एकटीसाठी कोण खटाटोप करतं, मशीनच्या दुकानातून मक्याच्या चार पातळ भाकऱ्या, तोर्तिया, आणायच्या की झालं. आता तिने मोठं भांडं खाली काढलं, आणि आधी मका कसा निघतो ते बघायला थोडाच घेतला, त्यात साल सुटायला मूठभर चुना टाकून शिजवला आणि भिजत ठेवला.

तिचा हात चुन्याला सैल. नवी नवरी होती तेव्हापासून सासू बोलायची, "तुझ्या तोर्तियांना कसला पिवळा रंग हा? माझ्या लेकाला चुना खायला घालतेस काय?" एर्मेलिंदाने कमी करून पाहिला की मका सोलला जात नाही असं वाटायचं, आणि पुन्हा मूठ तेवढीच पडायची.

सकाळी तिने मका निथळून बाजूला काढला. भांड्यात ते दाट पिवळं पाणी उरलं. ते ओतायला वाकली आणि एकदम तिला आठवलं की हे तिने कधी केलंच नव्हतं. रोज पहाटे निकानोर यायचा, पाणी बादलीत ओतायचा, वर झाकण ठेवायचा. "तू राहू दे, कंबर धरेल. मी मुंग्यांच्या वारुळावर ओतून येतो." किती जपायचा! तिचा राग थोडा निवला, आणि निवला म्हणून दुप्पट उसळला.

तेवढ्यात क्रेसेन्सियो दुकानातल्या बदामाचा डबा घेऊन आला. झाकण उचकटून तो ढवळायला बसला, आणि दारात ओतिलिया येऊन उभी राहिली. तिच्या हातात एर्मेलिंदाचा रुमाल होता.

"तुमचा आहे, डोन्या. माझ्या पलंगावर राहिला."

एर्मेलिंदाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. क्रेसेन्सियोची काठी डब्यातच थांबली.

"आत ही कपची होती," ओतिलिया म्हणाली. "मी पलंगावर बसून कितीतरी वेळ विचार केला, ही बाई माझ्या निजायच्या खोलीत भिंतीचा तुकडा घेऊन काय करत होती? मग मीही लावून बघितला भिंतीला."

"मग?"

"आधी हसू आलं. मग राग आला. तीस वर्षं मी तुमच्या घरची मयतं सांभाळते. विचारायचं तर तोंडावर विचारा."

"विचारते की!" एर्मेलिंदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सगळ्या गावाला नाही म्हणाला. पाद्रीला नाही म्हणाला. तुला कसा दिला?"

"मला नाही दिला. माझ्या आईला दिला."

ओतिलिया आत येऊन बसली. बोलताना ती प्रार्थना सांगायच्या आवाजात बोलत नव्हती, साध्या, थोड्या चिडक्या आवाजात बोलत होती. तिची आई शेवटची दोन वर्षं पलंगाला खिळली होती. डोळे अधू झालेले, आणि निळसर पांढऱ्या भिंती तिला सुईसारख्या टोचायच्या. दिवसभर शाल तोंडावर ओढून पडायची. एर्मेलिंदाची सासू गेली तेव्हाच्या जपमाळेला तिला खुर्चीवर घालून इथे आणलं होतं, या बैठकीत. आणि इथे तिने आपणहून शाल बाजूला केली.

"म्हणून मी त्याच्या मागे लागले. तीनदा नाही म्हणाला. चौथ्यांदा आईने त्याचा हात धरला आणि सोडलाच नाही. मग आला. तीन दिवस, रोज सकाळी, झाकण घातलेली बादली घेऊन. मला बाहेर घालवलं. पण आईला पलंगावरून कुठे घालवणार? तिला धड दिसत नव्हतं, पण नाक तिखट. पहिल्याच दिवशी ओरडली, ‘निकानोर, मका शिजवून आणलास काय रे?’"

"मका?" सेनाइदा म्हणाली.

चौघांनीही एकदम त्या पिवळ्या पाण्याच्या भांड्याकडे पाहिलं. क्रेसेन्सियो उठला, भांड्यावर वाकला, वास घेतला, आणि मग हळूच म्हणाला, "वाळू आण, म्हणायचा. मेल्या..."

"तो म्हणायचा मुंग्यांवर ओततो," एर्मेलिंदा म्हणाली.

"अडतीस वर्षं?" सेनाइदाने विचारलं. "केवढ्या मुंग्या होत्या आपल्याकडे?"

एर्मेलिंदा एवढ्यात विरघळणारी नव्हती. तिने मान वर केली. "थांब, थांब. मका तुझ्याही घरी शिजतो. पाणी तुझ्याही चुलीवर. इथून बादली वाहून कशाला नेईल? मला काय दूधखुळी समजतेस?"

"मीही त्याला तेच म्हटलं. माझंच पाणी घ्या. त्याने घेऊन पाहिलं एकदा. सुकल्यावर पांढरंफटक. त्यात काही दमच नव्हता. तेव्हा म्हणाला..." ती थांबली. "मला आईच्या गळ्याची शपथ घातलीय त्याने."

"तुझी आई गेली. तोही गेला. आता शपथ पोचवायची कोणाला? बोल."

"म्हणाला, ‘हा रंग माझ्या बायकोच्या हातचाच. ती चुना जास्त टाकते. तिला सांगितलं तर कमी करील.’"

क्रेसेन्सियो हसला आणि लगेच खोकला आल्याचं सोंग केलं. सेनाइदाने तोंडावर हात ठेवला. एर्मेलिंदा कोणाकडेच न बघता उभी होती.

"आणि सातव्या दिवशी रडलीस ते?" तिने विचारलं. आवाज आता तेवढा चढलेला नव्हता.

"त्या दिवशी जपमाळेनंतर तुम्ही मशीनच्या तोर्तिया वाढणार होतात. टोपली समोरच ठेवली होती. पांढऱ्याशुभ्र. मला वाटलं, संपलं, आता हा रंग पुन्हा होणार नाही. आईची खोली तेवढी राहिली. मग नाही राहवलं."

"बोलायला काय जातं," एर्मेलिंदा म्हणाली. "मला पुरावा पाहिजे."

क्रेसेन्सियोने बदामाच्या डब्यावर झाकण मारलं. मुरवलेला चुना बादलीत घेतला, मीठ टाकलं, निवडुंगाचा चीक घातला, आणि साध्या पाण्याऐवजी त्यात ते पिवळं पाणी ओतून सैल केला. तसबिरीमागचा जो चौकोन वाचला होता, त्याला अगदी चिकटून त्याने काजळी खरवडली आणि एक रुंद पट्टा ओढला. ओला पट्टा करडा दिसत होता, राखेच्या पाण्यासारखा.

"हा?" एर्मेलिंदा म्हणाली.

"सुकू द्या, कोमाद्रे."

मग चौघं भिंतीसमोर बसून राहिली. क्रेसेन्सियो पालथ्या बादलीवर, ओतिलिया माळ हातात घेऊन, पण एकही मणी न सरकवता. एर्मेलिंदाने कोणाला उठू दिलं नाही, कोणी भिंतीजवळ जाऊन काही लावलं तर? सेनाइदा त्या सतरा पांढऱ्यांच्या पुस्तकाने वारा घेत होती, तर तिला आई ओरडली, "भिंतीवर वारा घालू नकोस!" बाहेर गाढव ओरडलं, कोणीतरी गॅसच्या टाक्या विकत गेलं. ऊन उंबऱ्यातून सरकत वेदीच्या पायाशी आलं. करडा रंग कडेने फिका पडायला लागला, मग मधोमध, आणि मग कसा ते कोणी पाहिलं नाही, पण कधीतरी त्याला साय धरली. जुना चौकोन आणि नवा पट्टा यांच्यामधली रेघ आधी पुसट झाली आणि मग राहिलीच नाही.

क्रेसेन्सियोने टोपी काढली.

एर्मेलिंदा उठून भिंतीपाशी गेली. रेघ जिथे होती तिथे तिने बोट फिरवलं.

"किती वेळा विचारलं मी त्याला," ती म्हणाली. "‘चुना जास्त झालाय का रे?’ ‘बरोबर आहे.’ ‘तुझी आई म्हणते पिवळ्या होतात.’ ‘आईची नजर गेलीय.’ आणि ती बिचारी खरं बोलत होती! त्या म्हातारीला मी तीसेक वर्षं खोटारडी समजत होते!" आणि मग तिला रडू आलं, आणि रडता रडता हसूही, आणि दोन्ही काही तिला आवरेना. सेनाइदाने जवळ येऊन तिला धरलं तेव्हा तिने तिलाही ढकललं नाही.

शांत झाल्यावर ती ओतिलियाकडे वळली. "शनिवारी लवकर ये."

"येईन की."

"चुकलं माझं."

"चुकलंच."

"बरं. एवढं ठासून सांगायला नको. बैस, खाऊन जा."

तिने तोच मका वाटला, तवा तापवला आणि तोर्तिया टाकल्या. निघाल्या त्या चांगल्याच पिवळ्या, चुन्याचा वास येणाऱ्या. चौघांनी मीठ आणि मिरचीबरोबर खाल्ल्या.

"छान झाल्यात," ओतिलिया म्हणाली.

"खोटं बोलू नकोस. मला माहीत आहे कशा होतात."

"थोड्या कडवट आहेत," ओतिलियाने कबूल केलं.

"अडतीस वर्षं खाल्ल्या त्याने. तिन्ही त्रिकाळ."

सगळे गेल्यावर एर्मेलिंदाने तसबीर कणगीवरून उचलली, शालीच्या टोकाने पुसली आणि खिळ्याला अडकवली. निकानोर नेहमीसारखा बघत होता, टोपी थोडी मागे सरकवलेली, काहीच माहीत नसल्यासारखा. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"शनिवारी मोकळा होशील," ती म्हणाली. "त्याआधी एक सांगून टाक. ते गिळत होतास ते माझ्यासाठी, की भिंतीसाठी?"

तो तसाच बघत राहिला. जिवंतपणीही या असल्या प्रश्नांना तो असाच उत्तर द्यायचा. त्याचं खरं काय होतं ते आता तिला कधीच कळणार नव्हतं, आणि ही एक शंका तिला शेवटपर्यंत पुरणार होती.

संध्याकाळी तिने सगळ्यात मोठं भांडं चुलीवर चढवलं. बैठकीच्या चारही भिंतींना पुरेल एवढं पाणी हवं होतं. मका ओतला, मूठभर चुना टाकला. थोडी थांबली, भिंतीकडे पाहिलं, आणि वर आणखी अर्धी मूठ टाकली.